कुठे मुरतंय पाणी

सकाळी गाडी सुरू केली की समोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण उमटायची आणि तिच्याखाली एक ओळ: कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी तपासा. गाडी जरा चालली की खूण मावळायची. बोनेट उघडून टाकीकडे पाहावं तर पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. भरलं की काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. आणि गाडीखाली थेंब म्हणून नाही. रात्री मी मोठा पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवायचे, सकाळी तो जसाच्या तसा कोरडा. शेवटी सर्व्हिसिंगच्या वेळी विषय काढला, तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, “मॅडम, या गाड्या अशाच असतात. वय झालं की थोडं थोडं पितातच. टाकत राहा. नाहीतर मग सगळी कूलिंग सिस्टीमच बदलून घ्या.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, फसवायचा हेतूही नसावा. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. टाकत राहा किंवा सगळं बदला, या दोन टोकांच्या मध्ये एक साधा प्रश्न होता आणि तो त्याला पडलाच नव्हता.

पाणी जातंय कुठे?

बंद यंत्रणेतलं कूलंट वयोमानाने कमी होत नसतं. ते काही पेट्रोल नव्हे, जळून जायला. कमी झालं म्हणजे एक तर बाहेर पडतंय, नाहीतर आतल्या आत सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरतंय. आणि गळती बारीक आहे म्हणून दुर्लक्ष करावं असंही नाही, कारण तिथून नुसतं पाणी जात नाही, दाब जातो. टाकीच्या झाकणावर बहुधा १४० असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे १४० किलोपास्कल, १.४ बार. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्या झाकणाखालच्या दाबात तेच १२५ अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. आजच्या कित्येक इंजिनांचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला कूलंटची वाट उघडणारी झडप, १०० ते १०५ अंशांवर काम करतो. म्हणजे सगळा डोलारा त्या दाबाच्या भरवशावर उभा. केसाएवढी फट पडली की दाब टिकत नाही, दाब टिकला नाही की सिलिंडर हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाच्या, सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात बुडबुडे धरायला लागतात, आणि वाफेला धातूची उष्णता पाण्याइतकी झपाट्याने वाहून नेता येत नाही. हेड वाकतं ते अशाने. ‘टाकत राहा’ हा सल्ला मला म्हणूनच बोचला. त्यात पातळीची काळजी होती, दाबाची नव्हती.

माझ्या लहानपणी बाबांकडे एक जुनी, बऱ्याच हातांतून आलेली गाडी होती. तिचं बोनेट वर केलं की इंजिनाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेतून खालची जमीन दिसायची. रेडिएटर तांब्या-पितळेचा, कडेने डाख दिलेला. लांबच्या चढावर काटा लालकडे झुकला की बाबा गाडी बाजूला घ्यायचे, बोनेट उघडून ठेवायचे आणि मग काहीच करायचे नाहीत. मला झाकण उघडायची घाई. “हात लावू नकोस गं, निवू दे आधी,” ते म्हणायचे, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बसून इंजिनाची टिकटिक ऐकायचो. तापलेला धातू आकसताना करतो ती टिकटिक. पुष्कळ वेळाने ते झाकणावर जाड फडकं टाकायचे, अर्धा आटा फिरवायचे, आतला दाब फुस्स करून सुटू द्यायचे, मग उरलेलं उघडायचे. त्या गाडीत गळती शोधावी लागत नसे. तांब्यावरचा हिरवट डाग लांबून दिसायचा आणि डागाखालचा थेंबही. दोष होता, पण तो तोंडावर सांगणारा होता.

खरं तर पाणी पिणं हा गाडीचा मूळ स्वभाव. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी उकळू द्यायचं आणि वाफेबरोबर उष्णता जाऊ द्यायची, अशीच योजना होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्लच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या तेव्हा सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या वाटेवर जिथे मिळेल तिथे थांबून पाणी भरावं लागत होतं. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्या पाण्याच्या थांब्यांबद्दल जास्त जिव्हाळा वाटतो. हे थांबे बंद झाले ते विल्हेल्म मायबाख या अभियंत्यामुळे. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज ३५ पीएसमध्ये त्याने मधपोळ्याच्या जाळीचा रेडिएटर बसवला. सहा बाय सहा मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या, त्यांच्यामधून वारा, आणि एवढ्या ताकदीच्या इंजिनाला नऊ लिटर पाणी पुरायला लागलं. आधुनिक मोटारीची वंशावळ जिथून मोजतात ती गाडी कूलिंगच्या एका अप्रतिम उत्तरावर उभी होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हाचा आलिशानपणा यंत्रणेत होता आणि रेडिएटर तर गाडीचा चेहराच होता, सर्वांत पुढे, मिरवायला.

माझ्या गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. आजच्या आलिशान वर्गातली कुठलीही गाडी घ्या. बोनेट उघडलं की इंजिन दिसत नाही, इंजिनावरचं काळं आवरण दिसतं. ते काढलं की त्याच्या पोटाला स्पंज. खाली जावं तर पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत प्लॅस्टिकचा पत्रा, तो ओळीने स्क्रूंनी बसवलेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला आवाज शोषणारं नमद्याचं अस्तर. आत बसलेल्याला इंजिन ऐकू येऊ नये म्हणून केलेली ही सगळी माया. ती शांतता मला प्रिय आहे, खोटं कशाला बोलू. दिवसभराच्या कटकटीनंतर त्या गाडीचं दार लागतं तेव्हा जगाचा आवाज बंद झाल्याचं सुख मी पुरेपूर घेतलेलं आहे. पण आवाज अडवणारं तेच अस्तर थेंबही अडवतं. एका रविवारी गाडी स्टँडवर चढवून खालचा पत्रा सोडवला. अस्तराचा एक कोपरा हाताला जड लागला. दाबला तर बोटांतून गुलाबीसर ओलावा आला, आणि तो गोडसर, जरा औषधी वास, जो अधूनमधून एसीच्या झरोक्यातून यायचा आणि ज्याला मी इतके दिवस नाव देऊ शकत नव्हते.

पाणी मुरत होतं ते इथे.

पण अस्तर ओलं होतं ती जागा म्हणजे गळतीची जागा नव्हे. ही गोष्ट या कामात पुन्हा पुन्हा स्वतःला बजवावी लागते. थेंब सुटतो एकीकडे, मग इंजिनाच्या अंगावरून, वायरिंगच्या पन्हाळीतून, एखाद्या ब्रॅकेटच्या कडेने वाहत मागे मागे जातो. चालत्या गाडीचा वारा त्याला आणखी मागे ढकलतो. आणि शेवटी टपकतो तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याशी, जिथे पाहून कुणीही म्हणेल की मोठं काम निघालं. वाटेत इंजिन गरम असेल तर पाणी उडून जातं आणि मागे राहते पांढरट, कडेला गुलाबी अशी खपली. त्या खपल्यांच्या मागावर उलट्या दिशेने चढत जायचं. दिवा, काठीला लावलेला छोटा आरसा आणि कापसाचा बोळा. बोळा फिरवला आणि रंग आला तर वाट बरोबर, काळं तेल आलं तर दुसरीच भानगड. मला या शोधाची अक्षरशः ओढ लागली. घरच्यांनी जेवायला हाक मारली तरी “आलेच” म्हणत मी आरसा आणखी थोडा आत सरकवायचे.

त्याआधी एक चाचणी मात्र करून घेतली होती, आणि ती आधी करावी असं मी कुणालाही आग्रहाने सांगेन. टाकीच्या तोंडावर एक पारदर्शक नळकांडं बसवायचं, त्यात निळं द्रव, आणि चालत्या इंजिनावरची टाकीतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळं पिवळं होतं. पिवळं झालं तर हेड आणि इंजिनाच्या धडामधलं हेड गॅस्केट फुटलंय किंवा हेडला चीर गेलीय असं धरून चालायचं, आणि मग घरच्या अंगणातलं काम तिथेच थांबवायचं. द्रवाकडे पाहत उभं असताना छातीत धडधडत होतं. निळं निळंच राहिलं. डिपस्टिकवरचं तेलही स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे शत्रू बाहेरचा होता.

मग प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपाचा धाकटा भाऊ म्हणावं असं हत्यार, त्याला एक गेज आणि झाकणाच्या जागी बसेल असा अडॅप्टर. इंजिन रात्रभर निवलेलं. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची, त्याच्यावर एक टिचकीही नाही, नाहीतर जे धड आहे तेही फाटतं. काटा १.४ वर नेला आणि थांबले. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. मग जाणवतं की काटा रेघेवर नाही, रेघेच्या किंचित अलीकडे आहे. इंजिन बंद, पंखा बंद, आजूबाजूला शांत. अशा वेळी कान लावला की सुईच्या टोकाएवढी सळसळ ऐकू येते. आरसा फिरवत फिरवत तिथे गेले. सिलिंडर हेडच्या एका बाजूला प्लॅस्टिकचा छोटा फ्लँज होता, जिथून जाड होज निघतो. त्याच्या खालच्या अंगाला, साच्याचे दोन भाग जुळतात त्या बारीक रेघेवर, एक मणी फुगत होता. फुगला, लोंबला, सुटला. त्याच जागी दुसरा धरू लागला. खाली त्याच्या येण्याजाण्याने पांढऱ्या खपलीचा चांगला मोठा ओघळ तयार झालेला, आणि ओघळ सरळ मागे गेलेला.

सगळी कूलिंग सिस्टीम नव्हे, एक तळहातात मावणारा फ्लँज.

तो काढताना माझ्या मनात आनंद आणि संताप एकदमच होते. आनंद सापडल्याचा. संताप अशासाठी की एवढ्या तालेवार इंजिनात, जिथे धातूचं एकेक काम मायक्रॉनमध्ये मोजून केलेलं, तिथे सर्वांत तापणाऱ्या जागी हा नायलॉनचा तुकडा. पुढे वाचत गेले तशी त्यामागची कारणं कळली आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. काचतंतू मिसळलेला नायलॉन, पीए-६६, हा अॅल्युमिनिअमपेक्षा हलका, वाकडीतिकडी वळणं साच्यातून एका दमात निघतात, गंजत नाही, उष्णता बाहेर कमी टाकतो, त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि लवकर तापलेलं इंजिन कमी धूर करतं. कारखान्यातून निघताना तो भाग उत्तमच असतो. पण गरम पाणी आणि ग्लायकॉल वर्षानुवर्षं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात, आणि त्यातून इंजिनं पूर्वीपेक्षा जास्त तापमानावर चालवली जातात. पहिल्या मालकाच्या काळात त्याला काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला तो येतो तेव्हा त्याचा रंग तपकिरी झालेला असतो आणि चिवटपणा संपलेला असतो. माझं म्हणणं असं की जो भाग हमखास म्हातारा होणार हे माहीत आहे, त्याच्या बदलाचं वेळापत्रक गाडीच्या पुस्तकात ऑइल फिल्टरच्या शेजारी छापलेलं असावं. तसं ते नसतं, आणि मग ‘या गाड्या अशाच असतात’ हे वाक्य जन्माला येतं. गाड्या अशा नसतात. एका ठरावीक प्लॅस्टिकचं आयुष्य संपलेलं असतं, आणि ते कुणी मोजत नाही.

होज सोडवायला या गाड्यांत पट्टीची क्लिप नसते, तारेचा एक आकडा असतो. तो बोटाने उचलून पुढच्या खाचेत बसवायचा, होज आधी हलकेच डावी-उजवीकडे पिळून चिकटलेला रबर मोकळा करायचा आणि मग सरळ ओढायचा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा मोह फार होतो, तो आवरायचा. मी पुरेसं जपूनच ओढत होते, तरी फ्लँजचं तोंड खडूसारखं मोडलं आणि होजच्या आतच राहिलं. हे अपेक्षितच होतं. त्या वयाच्या प्लॅस्टिकने दुसरं काय करायचं. प्रश्न तुकड्यांचा असतो. एखादा चुकार तुकडा आत गेला तर पंपापर्यंत किंवा रेडिएटरच्या नळीपर्यंत पोचतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं. म्हणून पांढरं फडकं पसरलं, चिमट्याने एकेक तुकडा वेचून त्यावर मांडला आणि त्या तोंडाचं कडं पुन्हा जुळवलं. एका जागी खिंडार राहिलं होतं. दिवा घेऊन हेडच्या भोकात पाहिलं, होज उलटा करून झटकला, तेव्हा नखाएवढी ती चकती खाली पडली आणि खिंडारात बरोब्बर बसली. या कामातला माझा सर्वांत समाधानाचा क्षण विचाराल तर तो हा, फडक्यावरचं ते पूर्ण झालेलं कडं. त्याच्या शेजारी जुनी ओ-रिंग ठेवली होती. गोल रबराची रिंग दोन्ही बाजूंनी चपटी होऊन चौकोनी झालेली, दाबली तर हूं की चूं नाही. इतकी वर्षं जिने तो दाब पेलला ती ही. तिच्यावर मला राग धरता येईना.

नव्या ओ-रिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे पुष्कळ चांगली कामं वाया जातात. या रिंगा बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात. गरम कूलंटमध्ये हे रबर सुखाने नांदतं, पण खनिज तेलाशी त्याचं वाकडं आहे. साधं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावली की ते फुगतं, मऊ पडतं आणि काही काळाने दगा देतं. बसवताना त्याला ओलावा हवाच, तर कूलंटचाच एक थेंब चोळायचा, किंवा सिलिकॉन ग्रीस. याच कारणाने, वरून इंजिन ऑइल गळत असेल तर खालचा कूलंटचा होज हाताला फुगीर आणि चिकट लागतो. तिथे नुसता होज बदलून भागत नाही, वरचं गॅस्केट आधी. हेडवरची जुनी बैठक प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडली, अॅल्युमिनिअमला ओरखडा पडू दिला नाही. नवा फ्लँज बसवून बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत लावले, मग टॉर्क पान्याने. सहा मिलिमीटरच्या बोल्टला जेमतेम आठ-दहा न्यूटन-मीटर. जोर करणाऱ्या हाताला हा आकडा पटत नाही, पण प्लॅस्टिक तडकतं आणि अॅल्युमिनिअमचे आटे जातात ते याच जोरापायी. होज आत ढकलला, तारेचा आकडा टक्‌ करून बसला, आणि तो खरंच बसलाय का हे पाहायला एकदा मागे ओढून पाहिला.

कूलंट कोणतं भरायचं यावर माणसं रंगावरून भांडतात. रंग हा नुसता रंग असतो, तो कुणीही काहीही घालतो. एकाच कंपनीने वर्षानुवर्षं निळं वापरून नंतर हिरव्याकडे जावं असं झालेलं आहे. पाहायचा असतो तो बाटलीवरचा मंजुरीचा क्रमांक, गाडीच्या पुस्तकातल्या क्रमांकाशी ताडून. कारण फरक गंज रोखणाऱ्या रसायनांचा असतो. कुणात सिलिकेट, कुणात सेंद्रिय आम्लं, कुणात दोन्ही. फोक्सवॅगन घराण्यातलं जुनं जी-११ आणि सुरुवातीचं जी-१२ एकत्र आलं की तपकिरी गाळ व्हायचा, ही गोष्ट जुने मिस्त्री अजून सांगतात. पाणी डिस्टिल्डच, नाहीतर नळाच्या पाण्यातले क्षार नेमके हेडच्या तापलेल्या भागावर पापुद्रा धरतात. आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नये, मोरीत तर नाहीच नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावरं ते चाटतात, शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडं निकामी करतात. मांजरासाठी एखादा चमचाही जीवघेणा. मी जमीन पाण्याने धुऊन पुसून घेतली, जुनं द्रव झाकणाच्या डब्यात बंद करून घातक कचऱ्याच्या संकलनात दिलं, आणि ते अस्तरही पिळून पिळून धुतलं. पिळताना निघणारं गुलाबी पाणी संपता संपत नव्हतं. इतके दिवस मी भरत होते ते सगळं जणू तिथे जमा झालं होतं.

भरण्यापेक्षा हवा काढणं अवघड. यंत्रणेत हवा अडकली की थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी हवा लागते, तो उघडत नाही, आणि कुठलीही गळती नसताना इंजिन तापतं. जुन्या पद्धतीत हवेचा स्क्रू ढिला करून संथपणे ओतत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. इलेक्ट्रिक पंप असलेल्या काही इंजिनांत इंजिन न चालवता पंपच फिरवून हवा काढायची सोय असते: इग्निशन चालू, हीटर सर्वांत गरमवर, पंखा सर्वांत हळू, आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत काही सेकंद दाबून धरायचा. मग पंप आपला आपण बराच वेळ कधी जोरात, कधी हळू फिरत राहतो. बोनेटवर वाकून तो आवाज ऐकणं मला फार आवडलं. सुरुवातीला खळखळ, मध्येच घोट घेतल्याचा आवाज, मग खळखळ विरळ होत होत एकसुरी गुणगुण. टाकीतली पातळी खाली गेली, तेवढं भरलं, पुन्हा ऐकलं. ते झाल्यावर परत प्रेशर टेस्टर लावला आणि काटा १.४ वर ठेवून झोपायला गेले. सकाळी काटा तिथेच होता.

गळती बंद करणाऱ्या त्या बाटल्यांबद्दलही लोक विचारतात, टाकीत ओतायच्या आणि विसरायचं. माझं मत स्पष्ट आहे, नको. फटीत जाऊन घट्ट होणारा पदार्थ फट आणि बारीक नळी यांत फरक करत नाही. आधी हीटरची जाळी तुंबते, मग रेडिएटर. भर रानात अडकलेल्या माणसाने एकदा वापरावी आणि घरी पोचताच सगळं धुऊन काढावं, इतपत तिचा उपयोग. तसंच सगळंच घरी करावं असंही मला म्हणायचं नाही. टाकी, झाकण, होज, फ्लँज, थर्मोस्टॅट, इथवर चिकाटी असेल तर हात घालावा. डॅशबोर्डच्या मागची हीटरची जाळी किंवा हेड गॅस्केट ही वेगळ्या तयारीची कामं. बीएमडब्ल्यूच्या एन-६२ या व्ही-८ इंजिनात दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या दरीत एक कूलंटचा पाईप जातो. पुढच्या टोकाचं त्याचं सील कडक झालं की गळतं, आणि मूळ पद्धतीने तो बदलायचा तर इंजिनाची पुढची टायमिंग कव्हरं उतरवावी लागतात. एका रबरी सीलसाठी. मग कुणीतरी दोन तुकड्यांचा, आत सरकवून लांब करता येणारा पाईप बनवला, आणि ते काम इंजिन तेवढं न उघडता होऊ लागलं. ज्यांनी तो विचार केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ‘पूर्ण बदला’ आणि ‘टाकत राहा’ यांच्यामधली जागा अशाच माणसांनी भरून काढलेली आहे.

गाडी आता पाणी पीत नाही. पण बोनेट लावताना मी पूर्वीइतकी निश्चिंत नसते, आणि ते मला आवडतं. मोडलेल्या फ्लँजच्या वयाचं बरंच काही अजून आत आहे. थर्मोस्टॅटच्या घराचा रंग तसाच तपकिरी होत चाललाय.  वॉटर पंपाच्या सांध्याच्या काठावर मला एक पुसट पांढरी कड दिसलीय, अजून ओली नाही. पंप आणि थर्मोस्टॅट एकदमच बदलायचे असं ठरवलंय, कारण दोन्हींसाठी तेच कूलंट काढावं लागतं आणि तोच पंखा बाजूला घ्यावा लागतो. दोन्ही भाग मागवले आहेत, ओ-रिंगांसकट.